नागपूरच्या गच्चीवरचा विजेचा मांडव

एप्रिलमध्ये नागपूरला हौसेने जाते म्हटल्यावर आमच्या वाडीत मला कुणी शहाणं म्हटलं नाही. नवऱ्याने फक्त "परत कधी?" एवढंच विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, "तिथे माणसंसुद्धा वाळतात म्हणे." मी म्हटलं, मग तर जायलाच हवं. आपला धंदाच वाळवणाचा.

गुहागरजवळच्या आमच्या खळ्यात मी आणि जाऊबाई आंबापोळी, फणसपोळी आणि आमसुलं घालतो. ऊन या विषयावर मला कुणी काही शिकवू नये अशी माझी पक्की समजूत होती. समुद्राकाठचं ऊन लबाड असतं. डोळ्यांसमोर लखलखतं, पण पोळीतला ओलावा काही सोडवत नाही, आणि जरा पाठ वळली की वर ढग आलेला असतो. त्या उन्हाशी भांडून भांडून माझा स्वभाव असा झाला, असं नवरा म्हणतो. ते खरं असेल.

शालिनी मेश्राम मला भेटली मुंबईत, बचत गटांच्या एका प्रदर्शनात. तिचा आणि माझा स्टॉल शेजारी शेजारी होता. पहिल्या दिवशी आम्ही कडाकडा भांडलो, कारण तिच्या मिरचीच्या पापडांचा ठसका माझ्या आंबापोळीला लागत होता. दुसऱ्या दिवशी तिने डब्यातली पाटवडी माझ्यापुढे सरकवली आणि भांडण मिटलं. तेव्हापासून फोन चालू आहेत. दर उन्हाळ्यात तिचं एकच म्हणणं, "ये वं एकदा नागपूरले. तुले खरं ऊन दाखवतो." या वर्षी गेले. गाडीतल्या प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही, म्हणून तो सोडून देते.

उतरल्यावर

स्टेशनातून बाहेर पाऊल टाकलं आणि कुणीतरी भट्टीचं दार उघडल्यासारखं तोंडावर आलं. शालू घ्यायला आली होती. तिने आधी माझी पिशवी घेतली नाही, की कशी आहेस विचारलं नाही. स्वतःजवळचा सुती दुपट्टा काढून माझं अख्खं तोंड बांधून टाकलं, नुसते डोळे उघडे ठेवले.

"आता बोल," ती म्हणाली. "इथं तोंड उघडं ठेवून फिरत नाहीत, बाई."

तिच्या दिराचा कसलासा रिपोर्ट घ्यायचा होता म्हणून आम्ही धंतोलीवरून गेलो. तिथल्या प्रत्येक इमारतीवर डॉक्टरच डॉक्टर. गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंतची माणसं पिशव्या, फाइली आणि डबे घेऊन सावलीच्या कडेकडेने बसलेली. शालू रिपोर्ट घेऊन येईपर्यंत मी ई-रिक्षातच थांबले. रिक्षावाला मला विचारू लागला, तुमच्याकडे समुद्र आहे म्हणता, मग कूलरला पाणी भरपूर असेल. आमच्याकडे कूलर चालत नाही, हवेतच इतकं पाणी असतं की त्याने खोली नुसती चिकट होते, हे त्याला काही पटेना. कूलर चालत नाही असं गाव असू शकतं, यावर त्याचा विश्वासच नव्हता.

शालूचं घर एका जुन्या चारमजली वसाहतीत आहे. दारात निळ्या पताका लागलेल्या, कारण जयंती जवळ आलेली. आत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि खाली सासऱ्यांचा फोटो. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी हे सासरे वडिलांच्या खांद्यावर बसून होते, असं तिने सांगितलं. मग तिने मला पन्हं दिलं आणि आंघोळीला पाठवलं. टॉवेल मी सवयीने खोलीतच खुर्चीवर टाकला आणि तर्री-पोहे खायला बसले. नागपूरचे पोहे म्हणजे पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात. खोबऱ्याशिवाय पोहे ही कल्पनाच मला सहन होत नाही, पण नाकाडोळ्यांतून पाणी काढत मी दुसरी बशी मागितली. खाऊन उठले तर टॉवेल कडकडीत वाळलेला. खोलीत. सावलीत. आमच्याकडे दोन दिवस आंबट वास मारत दोरीवर लोंबकळतो तो.

जेवताना शालू जरा गप्प होती. विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. ती वसाहतीची सेक्रेटरी आहे. गेल्या वर्षी तिनेच घरोघरी जाऊन सगळ्यांना गच्चीवर सोलर बसवायला तयार केलं. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांचं बिल सगळ्यांच्या अंगावर येत होतं. दिवसा गच्चीवर वीज तयार होईल, उरलेली सरकारी तारेत जाईल, आणि जी गेली ती संध्याकाळच्या बिलातून वजा होईल, असा हिशेब. वाचलेल्या बिलातून बँकेचा हप्ता भरायचा. थंडीत सगळं ठीक चाललं. पण उन्हाळा लागला, ऊन वाढलं, आणि वीज कमी झाली.

"ऊन वाढलं अन् वीज कमी झाली?" मी म्हटलं.

"तेच तर. रविवारी मीटिंग आहे. सोलरच्या पाट्या विकून टाका म्हणून राहिले लोक. हप्ता मंग खिशातून. अन् मी तोंड कुठं दाखवू?"

विरोधकांचे पुढारी होते तळमजल्यावरचे गणवीर काका. जन्मभर औष्णिक वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये काढलेला माणूस. गुडघे गेलेले, त्यामुळे लिफ्ट संपल्यानंतरचा गच्चीचा जिना ते चढत नाहीत. पण सोलरचा आलेख त्यांच्या मोबाइलवर येतो, आणि तो ते दिवसभर बघत बसतात. संध्याकाळी भेटल्यावर त्यांनी मलाच तक्रार केली, "मेश्रामबाईचं सोलर दहा वाजले का झोपते. चार वाजता चहा प्यायले उठते. असं युनिट आमच्या केंद्रात असतं तर भंगारात काढलं असतं."

गच्ची

दुसऱ्या दिवशी सकाळी मला गच्चीवर नेलं. शालूच्या गटातल्या बायका जमल्या होत्या. उन्हाळाभर त्या पापड, मूगवड्या, कुरडया आणि सरगुंडे करतात आणि सबंध नागपुरात विकतात. सरगुंडे म्हणजे काडीला गुंडाळून केलेल्या गव्हाच्या शेवया. आमरसाबरोबर खातात. मी खाऊन बघितले, आमच्या तांदळाच्या शिरवाळ्यांच्या पुढे जाऊ देणार नाही, पण शेजारी बसवायला हरकत नाही.

गच्ची भरून निळ्या-काळ्या काचेच्या पाट्या. कमरेएवढ्या उंचीवर, दक्षिणेकडे जराशा कललेल्या. माणसाला चालायला मध्ये बोळ तेवढे. मी विचारलं, मग वाळवण कुठे घालता? तर बायका हसल्या. दोघींनी जुन्या मऊ लुगड्याचं धुतलेलं धडपं घेतलं, सरकन पाटीवर पसरलं, आणि वर पापड मांडायला सुरुवात केली.

मला सांगायला काही लाज नाही, मला ते फार आवडलं. खालून काच तापलेली, वरून ऊन, उतार असल्यामुळे वाकायला नको, जमिनीवरची धूळ नाही, मुंग्या नाहीत, कुत्रं नाही. आमच्याकडे खळ्यात कावळे राखत बसावं लागतं. मी शालूला म्हटलं, "अगो, हे ज्याने काढलं त्याला नारळ दिला पाहिजे." आणि पदर खोचून मीही पापड मांडू लागले. दहा वाजेपर्यंत गच्चीवरची निम्मी काच पापडांनी भरून गेली.

एकीला मी विचारलं, "पण याने विजेला काही होत नाही ना?"

"काय होते?" ती म्हणाली. "माझ्या बहिणीच्या घरी पाणी तापवायचं सोलर आहे. तापलं का झालं. हे तर पापडाखाली अजूनच तापते. हात लावून पाहा."

मी हात लावला. चटका बसला. मला पटलं. वाळवणातलं सगळं कळणाऱ्या मला ते अगदी पटलं.

तेवढ्यात जिन्याच्या दारात एक मुलगी उभी राहिली. पाठीला पिशवी, डोक्यावर टोपी, पायात बूट. मी तिथूनच तिला अडवलं, "बूट काढ, वाळवण आहे." ती बिचारी निमूट बूट काढायला वाकली. वर बघितलं आणि तशीच एका पायात बूट घालून उभी राहिली.

ती रुचिका, सोलर बसवणाऱ्या कंपनीची इंजिनिअर. काटोलची, संत्र्याच्या बागेतली मुलगी. तोपर्यंत ती कितीदा तरी तपासायला येऊन गेली होती, पण दर वेळी आधी फोन करून. आणि इंजिनिअर येणार म्हटल्यावर बायका त्या दिवशी वाळवण घालत नसत. पाहुणी यायची तर पसारा कसा ठेवायचा? उलट धडपी काढून, काच ओल्या फडक्याने पुसून लखलखीत करून ठेवत. त्यामुळे तिला दर वेळी नागपुरातल्या सर्वांत स्वच्छ पाट्या सापडायच्या आणि वीजही भरपूर. तिने तारा बदलल्या, मीटर बदललं, शेवटी यंत्राचा डबासुद्धा बदलला. आज गणवीर काकांनी सकाळीच फोनवर तिला चार शब्द सुनावले म्हणून ती न सांगता आली होती.

"काकू," ती शालूला म्हणाली, "हे रोज करून राहिल्या तुम्ही?"

"रोज नाही वं. तू येणार असली का नाही करत."

रुचिका जिन्याच्या पायरीवर बसली आणि हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग तिने समजावून सांगितलं. पाटीला हवा असतो उजेड. ताप नको असतो. तापली की उलट कमी देते. आणि पाट्या एका ओळीत जोडलेल्या असतात, त्यामुळे एक झाकली की नळीवर पाय दिल्यासारखं सबंध ओळीचं पाणी बंद.

बायका हसल्या नाहीत. शालूचा चेहरा उतरला. धडपं उचलता उचलता ती मला हळूच म्हणाली, "आता रविवारी मीच सांगायचं का पापड आमचे होते." आणि सोलर वाचलं तर गच्ची गेली. गच्ची गेली तर गटातल्या बायकांचा उन्हाळा गेला. दोन्ही तिचंच, आणि दोन्हींतलं एकच राहणार. मला तिची फार कीव आली, आणि रागही आला, कुणाचा ते माझं मलाच कळेना.

भिवापूर

पुढच्या दिवशी भिवापूरला जायचं आधीच ठरलेलं होतं. पापडाला मिरची तिथलीच लागते. शालू म्हणाली, ठरलं तर जाऊ, घरी बसून तरी काय करणार. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत राहिली. उमरेडच्या बाजूने कोळशाचे ट्रक ओळीने येत होते. ताडपत्री घातलेली, तरी रस्त्याकडेच्या झाडांची पानं काळी. आमच्याकडे एप्रिलमध्ये रस्त्याकडेला कैऱ्या आणि करवंदं विकायला असतात. इथे पळसाला नवी पानं आणि बाकी सगळं करपलेलं.

भिवापुरात मिरचीचे सातरे असतात. सातरा म्हणजे मिरची निवडायचं मोठं आवार. अंगणभर लाल मिरची पसरलेली, आणि एका बाजूला बांबूचा लांबच लांब मांडव. त्याखाली बायका ओळीने बसून मिरचीचे देठ खुडत होत्या. पहिल्या शिंकेतच माझा मुंबईतला राग मला पुन्हा आठवला. तोंडाला बांधायला दुपट्टा ओला करून घेतला, पण खोकला काही थांबेना. एका बाईने मला गुळाचा खडा दिला आणि दुपट्टा माझ्या हातातून काढून मांडवाच्या बांबूवर टाकला. "हवा येऊ द्या, ताई. बांधून बसल्या तर अजून खोकलाल."

चहा आला. चहा संपला तेव्हा शालू त्या दुपट्ट्याकडे बघत होती. उठली, हात लावला. वाळलेला. मांडवात, गडद सावलीत.

"शोभना," ती मला म्हणाली, "आपण उन्हाच्या मांगं काहून लागलो वं?"

"म्हणजे?"

"वाळवून कोण राहिलं इथं? ऊन का हवा?"

मी म्हटलं, ऊन. हवेने वाळतं तर आमच्याकडे वारा काय कमी आहे. सावलीत घातलेल्या पापडाला बुरशी येते, वास येतो, तो फुगत नाही. पंचवीस उन्हाळे मी हेच बघितलंय. ती म्हणाली, तुमचा वारा ओला आहे, आमचा सुका. मी म्हटलं, वारा तो वारा. बसमध्ये सबंध रस्ताभर आम्ही वाद घातला. समोरच्या बाकावरच्या एका आजोबांनी वळून विचारलं की तुम्ही सख्ख्या बहिणी का. पण शालू पुन्हा बोलायला लागली होती, त्यामुळे भांडण्यातही मला बरं वाटत होतं.

गच्ची, पुन्हा

दुसऱ्या दिवशी तिने गच्चीवर दोन चादरी काठ्यांना बांधून मांडव केला. त्याखाली खाटेवर पापड आणि मूगवड्या. तशाच पापड-वड्या बाहेर उन्हात, पाट्यांपासून लांब. सोलर त्या दिवशी उघडं. मी दर थोड्या वेळाने वर जाऊन सावलीतल्या पापडांना बोट लावून बघत होते, आणि खरं सांगायचं तर ते ओले निघावेत असं मला वाटत होतं. इतक्या वर्षांचं ज्ञान एका दिवसात जाऊ नये असं माणसाला वाटतंच.

दुपारी मांडवाखालून गरम वारा शिट्टी मारत जात होता. उतरत्या उन्हात आम्ही दोन्हीकडचे पापड घेऊन स्वयंपाकघरात बसलो. उन्हातले पापड कडेला वाकलेले, दोन-तीन तडकलेले, रंग फिका. सावलीतले सपाट, गुळगुळीत, आणि कोरडे. मोडला तर टणकन आवाज. तळला तर कढईभर फुलला. मूगवड्या जरा मागे होत्या, त्यांना आणखी एक दिवस हवा होता, पण बुरशीचं नाव नाही.

मी पापड खाल्ला. दुसरा खाल्ला. शालू माझ्याकडे बघत होती.

"बरा आहे," मी म्हटलं.

"बरा?"

"चांगला आहे गो. उन्हातल्यापेक्षा चांगला आहे. झालं?"

त्या संध्याकाळी रुचिका आली ती घरची संत्री घेऊन. मृगाच्या बहाराची शेवटची, सालीवर डाग पडलेली, पण इतकी गोड की मी हापूसबद्दल काही बोलायचं टाळलं. तिच्या वडिलांच्या बागेला आता दिवसाच वीज मिळते, गावाबाहेर सोलरचं शेत झालं तेव्हापासून. पूर्वी ओलित करायला ते रात्री-बेरात्री विंचूकाट्यात जायचे. शालूने तिला सावलीतला पापड दिला आणि सगळी हकिगत सांगितली. रुचिका खाता खाता थांबली. पाट्या कमरेवरून उचलून डोक्याच्या वर नेता येतील, ती म्हणाली. खालून वारा खेळला की पाट्या थंड राहतात, दुपारची वीज वाढते. पण लोखंड जास्त लागेल, आणि खांब खालच्या कॉलममध्येच रोवावे लागतील, नाहीतर वैशाखातली वावटळ सगळं उचलून शेजारच्या गल्लीत नेऊन टाकेल. लोखंडाचा खर्च कोण करणार, एवढाच प्रश्न.

रविवार

मीटिंग खालच्या मोकळ्या जागेत, पताकांखाली. मी परगावची, म्हणून मागे खुर्ची घेऊन बसले, आणि बोलायचं नाही असं शालूने मला बजावलेलं. गणवीर काकांनी मोबाइलवरचा आलेख सगळ्यांना फिरवून दाखवला. मग ठराव मांडला, सोलर काढून विकावं. पुष्कळ माना हलल्या.

शालू उठली. हातात पदराचं टोक घट्ट धरलेलं. "आलेख बरोबर आहे," ती म्हणाली. "दहा ते चार त्याच्यावर पापड होते. माझे. माझ्या गटाचे. मले माहीत नव्हतं का त्यानं वीज जाते. आता माहीत झालं. सोलर खराब नाही, मशीन खराब नाही, या पोरीनं काम चांगलं केलं. चूक माझी आहे."

मग मागून कुणीतरी फसकन हसलं आणि हसू पसरलं. शालूच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं. मला उठून तिच्या शेजारी उभं राहावंसं वाटलं, पण बसून राहिले.

काका हसले नाहीत. "मंग आता पापड बंद," ते म्हणाले.

"नाही," शालू म्हणाली. "पाट्या वर नेऊ. मांडव करू. पापड खाली सावलीत. लोखंडाचे पैसे गट देईल, गच्चीचं भाडं समजून, हप्त्याहप्त्यानं."

"सावलीत पापड वाळते?"

इथे माझ्याने राहवलं नाही. मी उठले आणि म्हटलं, "मी कोकणातून आल्येय, माझा जन्म वाळवणात गेला, आणि मी सांगते, वाळतो. मला ते मुळीच आवडलेलं नाही, पण वाळतो."

आता लोक मोकळेपणी हसले. रुचिकाने पाट्या थंड राहण्याचं सांगितलं, तेव्हा काका पुढे वाकले. मला वाटलं आता फाडून खाणार तिला. पण त्यांनी विचारलं, "खालून हवा फिरली का जास्त देते म्हणतेस?"

"हो काका."

"आमच्याकडेही तसंच होतं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम वेगळाच निघाला. "मे महिन्यात थंड करायचं पाणीच कोमट यायचं. कितीही कोळसा टाका, युनिट चढायचं नाही. आम्ही रडायचो त्या पाण्यापायी. मशीनले ताप सहन होत नाही, पोरी, कोळशाचं असो का उन्हाचं." मग म्हणाले, "पण एक ध्यानात ठेवा. सूर्य बुडाला का पंखे आमच्या कोळशावरच फिरतात. आम्ही नसतो तर तुम्ही रात्री काय केलं असतं?"

"तुम्ही होते म्हणून तर आम्ही शिकलो, काका," शालू म्हणाली. "रात्रीचं तुमच्याकडेच राहू द्या, बॅटऱ्या स्वस्त होईपर्यंत. दिवसाचं आमच्याकडे द्या."

काकांनी आपला ठराव मागे घेतला. मांडवाचा ठराव त्यांनीच मांडला आणि जयंतीच्या आत काम झालं पाहिजे असं खालून वरपर्यंत सगळ्यांना बजावलं. मी त्याच संध्याकाळी नवऱ्याला फोन करून तिकीट पुढे ढकलल्याचं कळवलं. तो म्हणाला, "वाळलीस का?" मी म्हटलं, "अजून वेळ आहे."

मांडव

पुढचे दिवस गच्चीवर वेल्डिंगच्या ठिणग्या आणि ठोकाठोक. खाली आम्ही बायका डाळ दळून, पीठ कुटून, तयार होतो. एका दुपारी काकांच्या घरून सगळ्यांसाठी वांग्याचं भरीत आणि भाकरी आली. काकूंनी पाठवली म्हणाले, पण कामगारांना वाढताना स्वतः काकाच उभे होते आणि प्रत्येक नट आवळला का विचारत होते.

शेवटी तो दिवस उजाडला. पाट्या डोक्याच्या वर, खांबांवर, सबंध गच्चीवर. खाली निळसर सावली, आणि त्या सावलीतून वाहणारा कोरडा गरम वारा. विदर्भात उन्हाळ्यात अंगणात फांद्यांचा मांडव घालतात, त्याची ही लोखंडाची बहीण. खाटा मांडल्या, धडपी पसरली, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पापडच पापड. पूर्वी निम्मी गच्ची मिळायची, आता सगळी. मी रांगेच्या मधोमध बसले होते आणि मला इतका आनंद झाला होता की कारण नसताना एका पापडाला तीनदा जागा बदलून ठेवलं.

दहा वाजत आले तशी शालू कामाचं निमित्त करून कोपऱ्यात गेली. आलेख तिच्याही मोबाइलवर यायचा, पण ती बघत नव्हती.

तेवढ्यात जिन्यात काठी वाजली. गणवीर काका. एकेक पायरी थांबत, धापा टाकत, त्यांनी गच्चीचा जिना चढला होता. दारात त्यांनी चपला काढल्या, कुणी न सांगता. मोबाइल पुढे धरून ते आलेख बघत उभे राहिले. दहा वाजले. सव्वा दहा झाले. बायकांचे हात थांबले.

"चढून राहिली," काका म्हणाले. "दहा वाजून गेले, अन् चढून राहिली."

त्यांनी मोबाइल शालूच्या हातात दिला. तिने बघितलं, पुन्हा बघितलं, आणि पापडांच्या मधल्या जागेत खालीच बसली. "दोन्ही राह्यलं वं," ती मला म्हणाली, आणि रडली. मीही रडले, आणि मला नागपूरच्या हवेत निदान डोळे तरी ओले ठेवता आले याचा अभिमान वाटला.

काकांना मात्र थांबवेना. त्यांनी मोबाइल परत घेतला, नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज वाढवला. पलीकडे केंद्रातल्या कंट्रोल रूममधला त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस होता.

"हां गा, गणवीर बोलून राहिलो. युनिट चालू आहे नं? लोड जरा उतरव, कोळसा कमी टाक."

"काहून, काका? काय झालं?"

"काही नाही झालं. आमची गच्ची चढून राहिली."

पलीकडचा माणूस हसला. "बरं काका, तुमच्यासाठी उतरवतो. कधीपर्यंत?"

काकांनी गच्चीवर एक नजर टाकली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"पापड वाळेपर्यंत," ते म्हणाले.